सुरतेचा सांधा

होडीच्या पिछाडीस टांगलेले जुने आउटबोर्ड यंत्र उघडण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना ठाऊक आहे की खरी कसोटी लागते ती सांध्यांपाशी. धातूचे दोन भाग एकमेकांवर बसतात. कोठे त्यांच्यामध्ये गॅस्केटचा पातळ पत्रा येतो, तर कोठे नुसत्या लुकणाचा हात फिरवलेला असतो. नवशिका मनुष्य लुकण सढळ हाताने थापतो. ते पिळून आत उतरते आणि यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक वाट बुजवते. जाणता मिस्त्री आधी जुन्या गॅस्केटचा कण न् कण काढतो, कडेवर सरळ पट्टी धरून उंचसखलपणा पाहतो आणि मगच डबीला हात घालतो. ही दृष्टी यंत्रयुगाची देणगी आहे असे आपण सहज समजतो. तापीकाठच्या सुतारांना मात्र ती अडीचशे वर्षांपूर्वी अवगत होती. त्यांचे काम सागवानात चाले, एवढाच काय तो भेद.

योहान स्प्लिंटर स्ताव्होरिनुस नावाचा डच दर्यावर्दी १७७५ च्या सुमारास सुरतेस होता. तेथील जहाजबांधणी त्याने बारकाईने पाहिली व आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली. त्याच्या देशात तक्त्यांच्या सपाट कडा शेजारी शेजारी ठेवून मधल्या फटीत जुन्या दोरांचा काथ्या ठोकीत आणि वर डांबर ओतीत. लाटांच्या हेलकाव्यांनी ते भरण सैल होई व पुन्हा पुन्हा ठोकावे लागे. या कामास आपल्याकडील खलाशी ‘कालापत्ती’ म्हणत. हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलेला आहे.

सुरतेची रीत निराळी होती. तेथे तक्त्यांच्या कडांना खाचा पाडून एक तक्ता दुसऱ्यात बसवीत. पण खाच पाडली म्हणजे ती जुळली असे नव्हे. म्हणून एका कडेला शेंदूर फाशीत आणि दुसरा तक्ता तिच्यावर दाबून उचलीत. जेथे उंचवटा असेल तेथे शेंदूर उमटे. तेवढाच भाग तासून काढीत. पुन्हा शेंदूर, पुन्हा दाब, पुन्हा तासणी. सारी कड एकजीव बसेपर्यंत हा क्रम चाले. (आजचा फिटर धातूच्या दोन पृष्ठांची जुळणी अशीच तपासतो, त्याचा रंग बहुधा निळा असतो.) एवढे झाल्यावर दोन्ही कडांना एक प्रकारचे चिकट लुकण लावीत, ते काळाने लोखंडासारखे कठीण होई, त्यावर कापसाचा पातळ थर देत आणि तक्ते खिळ्यांनी घट्ट आवळीत. सांधा जेमतेम दिसे, असे तो डच मनुष्य लिहितो. कापसाचा तो थर म्हणजे गॅस्केटच नव्हे काय?

या जहाजांच्या दीर्घायुष्याचे श्रेय बहुतेक लेखक सागवानास देतात. सागवानाची थोरवी मला मान्य आहे. परंतु सागवान स्वतःचा सांधा स्वतः जोडीत नाही. बंदरापासून शेकडो कोस दूर, भर समुद्रात, तांडेलाचा जीव ज्या फटीवर अवलंबून असे, ती सुताराच्या धीरानेच बंद झालेली असे. आमच्या शालेय इतिहासात सुरत येते ती वखारींपुरती आणि शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांपुरती. हा शेंदूर फासणारा हात कोणत्याच धड्यात येत नाही, याचे शिक्षक म्हणून मला वाईट वाटते.

इंग्रजांना मात्र त्या हाताची किंमत कळली होती. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी ‘क्वीन’ हे जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस आला. तेथे धनजीभाई या पारशी जहाजबांधकाच्या हाताखाली लवजी नसरवानजी नावाचा तरुण मुकादम काम करीत होता. डडलीने त्याला मुंबईस येण्याविषयी गळ घातली आणि १७३६ मध्ये लवजी थोडे सुतार बरोबर घेऊन निघाला. तेच वाडिया घराणे. मुंबईच्या गोदीत त्याच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली मलबारच्या सागवानातून घडवलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका, मोठी डागडुजी होऊन का होईना, इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे.