सॉर्ट मेमरी

डेटाबेसमधील नोंदी क्रमाने लावण्यासाठी सर्व्हर वापरतो ती रॅम. मोठ्या अहवालांत लाखो नोंदी एकदम लावाव्या लागतात, म्हणून तिची मर्यादा विचारपूर्वक ठरवावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये या मर्यादेला ‘वर्क मेम’ म्हणतात (8.0 आवृत्तीपूर्वी ‘सॉर्ट मेम’), मायएसक्यूएलमध्ये ‘सॉर्ट बफर साइज’. ओरॅकलमध्ये ‘सॉर्ट एरिया साइज’ होती. 9आय आवृत्तीपासून ‘पीजीए ॲग्रीगेट टार्गेट’ आले.

कार्यपद्धती : नोंदी मर्यादेत मावल्या तर त्या रॅममध्येच लागतात. न मावल्यास एकेक गठ्ठा लावून डिस्कवर तात्पुरता ठेवतात व शेवटी सर्व गठ्ठे क्रमाने एकत्र करतात. याला बाह्य विलीनीकरण (एक्स्टर्नल मर्ज) म्हणतात. डिस्क रॅमहून बरीच मंद असल्याने अहवाल रेंगाळतो.

उदाहरण : भंडारा जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या 12,00,334 आहे. माणशी एक नोंद व नोंदीला 200 बाइट धरले, तर सुमारे 229 एमबी मजकूर होतो. पोस्टग्रेएसक्यूएलची मूळ मर्यादा 4 एमबी. म्हणजे किमान 58 गठ्ठे पडतील. अहवालात तालुके तुमसर, पवनी, भंडारा, मोहाडी, लाखनी, लाखांदूर, साकोली असे लागतील. युनिकोडमध्ये ‘ळ’ लगेच ‘ल’नंतर येतो, मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर, त्यामुळे नावांच्या क्रमासाठी मराठीचे नियम निवडावे लागतात. त्या नियमांनुसार होणाऱ्या तुलनेला प्रोसेसरचा वेळ जास्त लागतो, आणि तो रॅम वाढवून वाचत नाही.

मर्यादा ठरवणे : आधी मोजावे, मग वाढवावे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘एक्सप्लेन ॲनलाइज’ या आदेशाच्या उत्तरात ‘एक्स्टर्नल मर्ज’ व डिस्कचा आकडा दिसला, तर रॅम अपुरी पडली असे समजावे. रॅममध्ये त्याच नोंदींना त्या आकड्यापेक्षा जास्त जागा लागते. वर्क मेम संपूर्ण सर्व्हरची मर्यादा नसून प्रत्येक सॉर्टची असते : 100 जोडण्या, प्रत्येकीत दोन सॉर्ट आणि 64 एमबी मर्यादा धरली, तर मागणी 12.5 जीबीपर्यंत जाऊ शकते. रॅम संपली की सर्व्हरच कोलमडू शकतो. म्हणून सर्वांसाठी मर्यादा लहान ठेवावी आणि मोठी मर्यादा फक्त अहवालाच्या खात्याला किंवा त्या एका व्यवहारापुरती द्यावी. नेहमीच्या क्रमासाठी योग्य इंडेक्स असेल तर सॉर्टची गरजच टळू शकते. मोठा अहवाल चालू असताना त्याच सर्व्हरवरून मिळणाऱ्या दाखल्यासाठी कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचे काम अडू नये, हाच या सगळ्या हिशेबाचा हेतू आहे.