जुन्या शिळांच्या शेजारीं

एका संस्कृतीचा अस्त झाला व दुसरीचा उदय झाला, असें वाक्य इतिहासग्रंथांतून आपण इतक्या वेळां वाचतों कीं, या दोहोंमध्यें एखादी काळरात्र असलीच पाहिजे, असें मन गृहीत धरून बसतें. ही समजूत तपासून घेणें किती अवश्य आहे, हें ग्वातेमाला देशांतील ताकालिक अबाह या प्राचीन नगराकडे पाहिलें म्हणजे कळून येतें.

पॅसिफिक किनाऱ्यामागील डोंगरउतारावर, सुमारें साडेसहा चौरस किलोमीटर क्षेत्रांत हें नगर टप्प्याटप्प्यांनीं वसलें होतें. इ. स. पूर्वी ८०० च्या सुमारास सुरू झालेली येथील वस्ती इ. स. ९०० पर्यंत टिकली. नांवाचा अर्थ 'उभा दगड'. आणि कोरीव शिळा हेंच या स्थळाचें खरें धन होय. आरंभींचीं शिल्पें ओल्मेक वळणाचीं आहेत. मेक्सिकोच्या आखातालगत प्रचंड दगडी मस्तकें घडविणाऱ्या लोकांची ती शैली. नंतरचे शिलास्तंभ माया लोकांचे असून त्यांवर कालगणना कोरलेली आहे. पांचव्या क्रमांकाच्या स्तंभावर इ. स. १२६ मधील तिथि आढळते.

या दोन युगांच्या सांध्यावरील एका राजाचें थडगें २०१२ सालीं उजेडांत आलें. त्याचा काळ इ. स. पूर्वी ७०० ते ४०० असा ठरविण्यांत आला आहे. आंतील जेड पाषाणाच्या हारास गिधाडाच्या मस्तकाचें पदक होतें; त्यावरून उत्खनकांनीं राजाला माम भाषेंत 'आजोबा गिधाड' असें नांव दिलें. ओल्मेक परंपरेतून माया परंपरेकडे नेणारा तो दुवा, असें त्यांचें मत आहे.

परंतु आम्हांस अधिक बोलका पुरावा वाटतो तो शिळांचा. माया राज्यकर्त्यांनीं आपल्या इमारतींपुढें नवे स्तंभ उभे केले, तेव्हां जुन्या ओल्मेक मूर्तिही त्यांच्या शेजारीं मांडल्या. सर्वच जुनें जसेंच्या तसें राखलें असें मात्र नव्हे. एका प्रचंड मस्तकाचा चेहरा खोदून त्या जागीं कोनाड्यांत बसलेली आकृति कोरलेली दिसते. येथें कधीं कलह झालाच नसेल, असेंही आम्ही म्हणत नाहीं. तथापि ज्यांना पूर्वजांची लाज वाटते, ते त्यांच्या मूर्ति आपल्या दारांत मांडीत नाहींत.

२०२३ सालीं हें स्थळ जागतिक वारशांत समाविष्ट झालें. माया वंशाचे लोक आजही तेथें येऊन पूजाविधि करतात. ओल्मेक आणि माया हीं नांवें आपल्या सोयीचीं आहेत. आजाच्या हातून दगडी टांकी घेणाऱ्या नातवास, आपण युग बदलीत आहों, याची जाणीवही झाली नसेल.