पलभेची चार अंगुळे

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत 'पलभा' असा एक शब्द आहे. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी, सपाट जमिनीवर बारा अंगुळे उंचीचा शंकू उभा करावा आणि भर माध्यान्ही त्याची सावली मोजावी. ती सावली म्हणजे त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळे भरते. पुण्याच्या वायव्येला, कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे वळल्यावर जे आंदर मावळ लागते, तेथे ती चारांहून किंचित अधिक. आम्ही मराठीचे अध्यापक. खगोलशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु हा शब्द कोशात निपचित पडलेला असताना त्याने सांगितलेली संख्या मात्र आज एका अगदी नव्या यंत्राला विचारावी लागते, ही गोष्ट आम्हांला लिहिण्याजोगी वाटते.

हे यंत्र म्हणजे खांद्यावरच्या पिशवीत मावणारी 'स्मार्ट' दुर्बीण. २०२३ साली बाजारात आलेली सीस्टार एस-५० ही त्यांतली बहुपरिचित. तिच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर, नाभीय अंतर २५० मिलिमीटर. तिला डोळा लावण्याची जागाच नाही. ती आकाशाचे छायाचित्र घेते, त्यातील तारे ओळखून आपण कोठे पाहत आहोत हे स्वतः ठरवते आणि दहा-वीस सेकंदांची शेकडो छायाचित्रे एकावर एक रचून मोबाइलच्या पडद्यावर एखादा तेजोमेघ उमटवते.

अडचण आहे ती पृथ्वीच्या फिरण्याची. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरा पूर्ण करते. त्यामुळे दुर्बिणीने ताऱ्याचा पाठलाग केला नाही, तर बिंदूची रेघ होते. पाठलागाच्या रीती दोन. तोफेप्रमाणे आडवे आणि उभे असे दोन्ही अंगांनी वळत राहणे ही पहिली. तीत तारा चौकटीच्या मध्यावर राहतो खरा, पण भोवतालचे चित्र हळूहळू गरगरते. कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात. दुसरी रीत विषुववृत्तीय. यंत्राची एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर झुकवायची आणि मग केवळ त्या एका आसाभोवती, पृथ्वीच्याच गतीने, उलट फिरवत राहायचे. चित्र मग गरगरत नाही. सीस्टारमध्ये ही दुसरी रीत २०२५ मध्ये नव्या आज्ञावलीसह आली.

आता आस झुकवायची किती? जेवढा गावाचा अक्षांश तेवढी. येथेच पलभा पुन्हा भेटते. उत्तर-दक्षिण रेषेवर बारा अंगुळे लांबीची फळी आडवी ठेवून तिच्या उत्तर टोकाशी चार अंगुळांचा ठोकळा उभा करावा. दक्षिण टोकापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत ओढलेली दोरी आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेली असते. विषुवदिनी शंकू आणि सावली यांच्यात जो काटकोन त्रिकोण होतो, तोच हा. फक्त आडवा पडलेला.

हा त्रिकोण पुण्याच्या भूमीवर एकदा फार मोठ्या मापाने उभा राहिला होता. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकीचे अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना वेधशाळेसाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुढे नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजच्या सीओईपीमध्ये) झाली आणि वेधशाळाही पुण्यातच झाली. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली तेथली दुर्बीण पुढे २० इंच व्यासाच्या आरशाची झाली. त्या काळी हिंदुस्थानात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणकिनाऱ्यावरून देश ओलांडून गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉक्यर होते. (हेलियमच्या शोधाची १८६८ ची कथा त्यांच्या नावे त्या किल्ल्याशी जोडली जाते, प्रत्यक्षात त्या वर्षी ते इंग्लंडात होते. विजयदुर्गी आले ते १८९८ साली.) सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगमवालांचा तळ होता, आणि त्याच परिसरात अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचाही. कॅम्बेल यांच्याकडे ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. एवढे धूड आसावर फिरवणे अशक्य. म्हणून भिंग स्थिर ठेवून मागची काचच घड्याळयंत्राने सरकवली जाई. सूर्याचा पाठलाग दुर्बिणीने नव्हे, छायाचित्राच्या काचेने केला! वऱ्हाडातील तळणीला ॲनी माँडर यांनी दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्यकिरीटाचा इतका लांब पसरलेला झोत टिपला, की तेवढा तोवर कोणी टिपलेला नव्हता. लहान भिंगालाही आकाशात मान असतो, याचा हा आमच्याच मुलखातला दाखला.

नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त करण्यात आली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. त्या गावाचा अक्षांश सुमारे सव्वादहा अंश, पलभा दोन अंगुळांहून थोडी अधिक. म्हणजे पुण्यासाठी बसवलेली आस तेथे उभी करायची, तर सव्वाआठ अंशांनी खाली आणणे भाग. यंत्र गाडीत घालून नेता येते; त्याचा कल मात्र गावाचा असतो, तो गावातच राहतो.

पुण्यात तो कल राहिला का? याच शहरात शंकर बाळकृष्ण दीक्षित अध्यापन करीत होते. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि ग्रहणाच्याच वर्षी, १८९८ मध्ये, ते वारले. शंकू आणि सावली यांची परंपरा दीक्षितांनी मराठीत आणली होती. नायगमवालांचे वेध इंग्रजीत नोंदले गेले. एका बाजूला शब्द होते, दुसऱ्या बाजूला यंत्र. या दोहोंना सांधणारी शाळा निर्माण झाली असती, तर एका माणसाच्या निवृत्तीबरोबर दुर्बीण गावाबाहेर गेली नसती, असे आम्हांला वाटते. हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात स्थापन झाली ती १९४४ साली. आणि पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण लोकार्पण झाली ती २००६ मध्ये, १९१२ नंतर ९४ वर्षांनी.

आता पुन्हा आंदर मावळात यावे. येथे सीस्टार विषुववृत्तीय मांडायची, तर तिपाई प्रथम पाणसळीने सपाट करावी, तिच्यावरचे कलते डोके १८.९ अंशांवर आणावे आणि यंत्राचे तोंड उत्तरेकडे वळवावे. मग यंत्र स्वतः आकाशाची काही छायाचित्रे घेऊन आस किती चुकली ते सांगते. त्याप्रमाणे डोके जराजरासे हलवून चूक अंशाच्या लहानशा भागावर आणावी. लंडनच्या माणसाला आपले यंत्र उभ्या रेषेपासून ३८ अंश कलवावे लागते. आपल्याला ७१ अंश. यंत्र जवळजवळ आडवेच होते आणि त्याचे अडीच किलोंचे ओझे उत्तरेकडे झुकते. म्हणून तिपाईचा एक पाय नेमका उत्तरेला, ओझ्याच्या खाली घ्यावा. दुसरीकडे, तोफेच्या रीतीने पाठलाग केला असता आकाशाच्या त्याच दिशेला आणि उंचीवर आपल्याकडे चित्र लंडनच्या दीडपट वेगाने गरगरते. जेथे आस झुकवण्याची गरज अधिक, तेथेच ती झुकवणे अधिक कठीण! परदेशी माहितीपत्रकात ही अडचण सापडणार नाही; तिचे उत्तर पलभेत आहे.

या दरीच्या काळोखालाही इतिहास आहे. आंद्रा खोऱ्यातील ठोकरवाडीचे धरण टाटांच्या कंपनीने बांधले. १९२२ पासून तेथले पाणी घाटाखाली भिवपुरीला पडते आणि त्यातून निघालेली वीज मुंबई उजळते. मुंबईचे आकाश ज्या उजेडाने पुसले गेले, त्यातला काही उजेड या अंधाऱ्या खोऱ्यानेच पुरवलेला. आता पूर्वेकडून तळेगाव-चाकणचा उजेडही क्षितिजावर चढतो आहे. आज मुंबई-पुण्याची माणसे अंधार शोधत अशाच खोऱ्यांत येतात आणि खोऱ्याने पाठवलेला उजेड मागे ठेवून येतात.

यंत्र शहाणे झाले, हे चांगलेच झाले. दहा वर्षांच्या मुलीला मृगातला तेजोमेघ स्वतःच्या गावातून दिसावा, याहून मोठे काय! परंतु ते यंत्र १८.९ हा आकडा उपग्रहाला विचारून घेते. टाकवे वा वहाणगावच्या शाळेत तोच आकडा मुलांना अंगणातल्या काठीने काढता येईल. त्यासाठी मार्च किंवा सप्टेंबरमधला एक विषुवदिन, बारा अंगुळांची सरळ काठी आणि माध्यान्हीचे ऊन एवढेच पुरते; सप्टेंबरात ढग दाटले तर मार्च आहेच. मुलांनी सावली मोजावी, ती चार अंगुळांच्या किंचित पुढे जाते हे पाहावे आणि रात्री त्याच मापाची पाचर दुर्बिणीखाली ठेवावी. १९१२ साली पुण्याने दुर्बीण गमावली. ती विकत घेऊन भरून काढता येते. ती कोणत्या कलाने उभी राहते हे जाणणारी माणसे मात्र येथेच, आपल्या भाषेत, घडवावी लागतील.