वतन आणि ‘वतान’

‘वतन’ म्हटलं की मराठी कानाला आधी जमीन ऐकू येते. पाटीलकी, कुलकर्णीपण, सनद, मानपान आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भाऊबंदकी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ साधा : माणूस राहतो ती जागा. फारसीवाटे तो आपल्याकडे आला आणि थेट दप्तरात जाऊन बसला. ज्याच्यासाठी जीव द्यायचा ते वतन आपल्याला हिंदी सिनेमानं शिकवलं. तुर्कीत मात्र ‘वतान’ म्हणजे मायभूमीच, आणि ‘वतान हाइनी’ म्हणजे देशद्रोही. हा ‘हाइन’ म्हणजे ‘अमानत में खयानत’मधल्या खयानतीचाच भाऊबंद.

उत्तर सायप्रसमध्ये शेनेर लेवेंत यांच्यासारख्या संपादकाच्या वाट्याला येतो तो हाच शब्द. तुर्की सैन्य 1974 मध्ये बेटावर उतरलं, 1983 मध्ये उत्तरेनं स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं, आणि तुर्कस्तानखेरीज कुणीही त्याला मान्यता दिली नाही. लेवेंत तिथेच राहून, तुर्कीतच लिहून, या सैन्याला ‘कब्जा’ म्हणतात. त्यांच्या पत्राचं नाव ‘अव्रुपा’, म्हणजे युरोप. खटले आणि दंड इतके साचले की 2001 मध्ये मालमत्तेवर जप्ती आली. लगेच तेच पत्र ‘आफ्रिका’ नावानं निघालं : इथे जंगलचा कायदा, तर नावही तसंच! (आफ्रिकेतल्या वाचकाला हा विनोद रुचणार नाही, आणि का रुचावा?) पुढच्याच वर्षी उत्तरेचे अध्यक्ष रऊफ देंक्ताश यांच्या बदनामीबद्दल लेवेंत तुरुंगात गेले.

जानेवारी 2018 मध्ये पत्रानं सीरियातल्या अफ्रीनवरच्या तुर्की चढाईला मथळ्यातच ‘आणखी एक कब्जा’ ठरवलं. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांनी उत्तर सायप्रसमधल्या बांधवांना उत्तर द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी निकोसियातल्या कचेरीवर दगड आणि अंडी आली, काचा फुटल्या, माणसं सज्ज्यावर चढली.

तुर्कीत राज्याला ‘देवलेत’ म्हणतात. ही आपलीच दौलत. अरबीत ‘दौला’ म्हणजे फेरा, पाळी. ज्याची पाळी आली त्याची सत्ता, म्हणून ती राज्य झाली, आणि राज्यामागून पैसा आलाच. पेशवाईतल्या कागदांत दौलत म्हणजे राज्य. आज उरली ती तिजोरीतली. उत्तर सायप्रसचं ‘देवलेत’ मात्र कोणत्या अर्थानं दौलत, हे अंकाराहून येणाऱ्या पैशाला विचारावं.

विरोधी पक्षाला तुर्की शब्द आहे ‘मुहालेफेत’. यातला ‘खिलाफ’ आपल्याला सहज ओळखू येतो. आपल्या बातम्यांत मात्र ‘निर्णयाची खिलाफत केली’ असं सर्रास छापून येतं, आणि ते वाचून दर वेळी माझी लाल पेन्सिल उचलली जाते. खिलाफत म्हणजे खलिफाचं पद. आपली खिलाफत चळवळ तर तुर्कस्तानच्या खलिफाला वाचवण्यासाठी होती. ते पद तुर्कांनीच 1924 मध्ये रद्द केलं. गंमत अशी की चूक करणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे : दोन्ही शब्दांची मुळाक्षरं एकच, ख-ल-फ, ‘मागे’. मागून येऊन गादीवर बसतो तो खलिफा. जो पाठ फिरवून उलट चालतो तो मुखालिफ.

लेवेंत गादीजवळ कधी पोहोचले नाहीत. 2019 मध्ये ‘यासेमीन’ (आपली जाई-चमेलीच) नावाच्या चळवळीतर्फे ते युरोपीय संसदेसाठी उभे राहिले. उत्तरेतल्या मतदारांना मत द्यायला हद्द ओलांडून दक्षिणेत जावं लागे. ते हरले. 2020 मध्ये पत्र पुन्हा ‘अव्रुपा’ झालं.

मराठीत या माणसाला काय म्हणावं? फुटीर प्रदेशात राहून फुटीलाच विरोध करणारा, म्हणून फुटीरांच्या लेखी फितूर. कानाला हे दोन शब्द एकाच घरातले वाटतात. पण फुटीर आला संस्कृतातल्या ‘स्फुट्’वरून; आणि फितूर आला अरबी ‘फुतूर’वरून, ज्याचा मूळ अर्थ नुसता ढिलेपणा.