"नुसती थिअरी" म्हणजे काय? प्लेगने शिकवलेले चार शब्द

"डॉक्टर, ही तुमची नुसती थिअरी झाली!" हे वाक्य दवाखान्यात नेहमी ऐकू येते. उलट मोबाईलवर फिरत आलेला एखादा सल्ला मात्र "सिद्ध झालंय" म्हणून सांगितला जातो. शब्दांची ही अदलाबदल कधी कधी जिवावर बेतते. म्हणून आज समज, तर्क, गृहीतक आणि सिद्धांत हे चार शब्द समजून घेऊ. त्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगइतके चांगले उदाहरण नाही.

समज : तपासून न पाहता खरी मानलेली गोष्ट म्हणजे समज. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू त्याआधीच, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे माहीत नव्हते. घाण आणि दूषित हवा यांतून रोग पसरतो, असा तेव्हाच्या जाणकारांचाही समज होता. म्हणून गटारे कार्बोलिकने धुतली गेली. १८९७ मध्ये पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, लोकांचे सामानसुमान जाळले गेले. लोक संतापले आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. न तपासलेला समज सक्तीने राबवला की काय होते, ते इथे दिसते.

तर्क : जे दिसले त्यावरून न दिसलेल्याचा बांधलेला अंदाज म्हणजे तर्क. घरात आधी उंदीर पडतात आणि मग माणसे आजारी पडतात, हे सामान्य लोकांनी पाहिले होते. उंदीर पडले की लोक घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. निरीक्षण अचूक होते, पण उंदरापासून माणसापर्यंतचा दुवा कोणता, हे कळत नव्हते.

गृहीतक : तपासता येईल आणि चूक असेल तर चूक ठरेल, अशा रीतीने मांडलेला तर्क म्हणजे गृहीतक. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी असे मांडले की उंदराच्या अंगावरची पिसू हाच तो दुवा. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी आजारी आणि निरोगी उंदीर मध्ये जाळी घालून ठेवले. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसवा पलीकडे जातील, अशी ती रचना होती. निरोगी उंदराला प्लेग झाला. तरीही त्या काळच्या प्लेग आयोगाने या म्हणण्याला महत्त्व दिले नाही.

सिद्धांत : "सिद्ध" आणि "अंत" मिळून हा शब्द झाला आहे. तपासून सिद्ध झाल्यावर हाती येणारा निष्कर्ष म्हणजे सिद्धांत. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या प्राण्यांना प्लेग होई, पण पिसूची उडी पोहोचणार नाही असे दोन फूट उंच टांगलेले प्राणी वाचत. असे प्रयोग पुन्हा पुन्हा झाले, तेव्हा गृहीतकाचा सिद्धांत झाला. मधल्या सात-आठ वर्षांत हिंदुस्थानात लाखो माणसे प्लेगने मेली.

म्हणजे विज्ञानातली "थिअरी" ही सर्वांत कच्ची नव्हे, तर सर्वांत जास्त घासूनपुसून पाहिलेली गोष्ट असते. जंतूंमुळे रोग होतात, हीसुद्धा एक थिअरीच आहे.

आता आजचे उदाहरण घ्या. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन "कावीळ उतरवतात". हिपॅटायटिस ए या विषाणूची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय चुन्याला मिळते. हा समज आहे. पण पित्तनलिकेत खडा अडकला असेल किंवा यकृत निकामी होत असेल, तर त्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

म्हणून कुणीही काही सांगितले, अगदी मी सांगितले तरी, दोन प्रश्न विचारा. हे कुणी आणि कसे तपासले? आणि ते चूक असते, तर त्या तपासणीत कळले असते का? उत्तर मिळेपर्यंत चालू असलेली बीपीची किंवा शुगरची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.