लांब पल्ल्याच्या प्रवासात तिकिटाइतकेच विमानही महत्त्वाचे : एअर इंडियाचा ताफा, श्रेणी आणि मार्ग

मुंबई : मुले अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले अनेक ज्येष्ठ पालक वाटेत विमान बदलावे लागू नये म्हणून एअर इंडियाला पसंती देतात. मात्र कंपनीच्या ताफ्यात निरनिराळ्या काळातील आणि निरनिराळ्या कंपन्यांकडून आलेली विमाने असल्यामुळे एकाच श्रेणीच्या तिकिटावर मिळणारे आसन सर्वत्र सारखे नसते. काही मार्गांवर थेट सेवेचे स्वरूपही बदलले आहे.

जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या हवाई सेवेतून ही कंपनी उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला रवाना झाले. १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ती पुन्हा टाटा समूहाकडे आली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘विस्तारा’ तिच्यात विलीन झाली.

ताफा

दीर्घ पल्ल्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारची विमाने वापरली जातात. बोइंग ७७७ विमाने २००७ पासून, तर बोइंग ७८७-८ ड्रीमलायनर २०१२ पासून सेवेत आहेत. पहिली ७८७-९ विमाने ‘विस्तारा’कडून आली. एअरबस ए३५०-९०० या सर्वांत नव्या विमानाची प्रवासी सेवा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. जुन्या मोठ्या विमानांच्या अंतर्गत नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला.

श्रेणी

ए३५०-९०० मध्ये ३१६ आसने आहेत : बिझनेस २८, प्रीमियम इकॉनॉमी २४ आणि इकॉनॉमी २६४. बिझनेसमधील प्रत्येक प्रवाशाला शेजाऱ्याला न उठवता थेट मार्गिकेत येता येते. मूळ रचनेच्या ७८७-८ मध्ये १८ बिझनेस आणि २३८ इकॉनॉमी आसने असून प्रीमियम इकॉनॉमी नाही. तेथे बिझनेसची आसने दोन-दोनच्या जोड्यांत आहेत. पलंगासारखी आडवी होणारी आसने दोन्ही विमानांच्या बिझनेस श्रेणीत आहेत. फर्स्ट क्लास केवळ ७७७-३००ईआर विमानांत आहे.

मार्ग

दिल्ली आणि मुंबई ही दीर्घ पल्ल्याच्या सेवेची मुख्य केंद्रे आहेत. लंडन, न्यूयॉर्क, नेवार्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को आणि टोरांटो ही प्रमुख गंतव्यस्थाने होत. दिल्ली–लंडन मार्गावर सप्टेंबर २०२४ पासून, तर दिल्ली–न्यूयॉर्क मार्गावर नोव्हेंबर २०२४ पासून ए३५० विमाने दाखल झाली.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केल्यानंतर पश्चिमेकडील मार्ग लांबले. उत्तर अमेरिकेकडील काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना येथे थांबावे लागले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडन-गॅटविककडे निघालेले ७८७-८ विमान कोसळून त्यातील २४२ पैकी २४१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर मोठ्या विमानांच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या काही काळ सुमारे १५ टक्क्यांनी कमी करण्यात आल्या. नूतनीकरणामुळे कमी झालेली विमाने आणि बंद हवाई हद्द या कारणांनी दिल्ली–वॉशिंग्टन सेवाही १ सप्टेंबर २०२५ पासून स्थगित झाली. वॉशिंग्टनच्या प्रवाशांना न्यूयॉर्क, नेवार्क, शिकागो वा सॅन फ्रान्सिस्को येथे विमान बदलण्याचा पर्याय देण्यात आला.

आरक्षणापूर्वी

अमेरिकेत विमान बदलायचे असल्यास पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होते. तेथे सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणीनंतर ते पुन्हा जमा करावे लागते. एकट्याने जाणाऱ्या ज्येष्ठांनी, विशेषतः इंग्रजीची सवय नसलेल्यांनी, ही बाब ध्यानात ठेवून गरज असल्यास व्हीलचेअर साहाय्याची नोंद तिकिटासोबतच करावी.

आरक्षण करताना विमानाचा प्रकार, आसनांचा नकाशा, वाटेतील थांबा आणि प्रत्यक्ष उड्डाण करणारी कंपनी या चार गोष्टी पाहाव्यात. एअर इंडियाचा उड्डाण क्रमांक असला, तरी कोडशेअर करारामुळे पुढील टप्प्याचे विमान भागीदार कंपनीचे असू शकते. ऐनवेळी विमान बदलण्याची शक्यता असल्याने प्रवासाच्या काही दिवस आधी आसन पुन्हा तपासून घेणे हिताचे ठरते.