खाणावळ आणि बाहेरची माणसं

परवा कामासाठी मुंबईला गेलो होतो. काम आटोपल्यावर लालबाग-परळमध्ये जुनी खाणावळ शोधत फिरलो. टॉवर सापडले, खाणावळ काय सापडली नाय.

म्हणाल, मालवणी हॉटेलं ढीगभर आहेत. आहेत की! पण मी म्हणतोय ती चाळीतल्या खोलीतली खाणावळ. आपला चाकरमानी एकटाच मुंबईला जायचा, बायकापोरं गावी. झोपायला गावच्या मंडळाची खोली, तीही पाळीपाळीने. जेवण एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर. पैसे पगार झाल्यावर; तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिनेच सोसायचं. सत्तरच्या दशकातल्या संपात याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. मग १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला आणि जेवणारेच गावाकडे परतले.

माझे आजोबा जिच्याकडे जेवायचे ती बाई घाटावरची. ते तिच्यासाठी बाहेरचेच.

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. भाट्ये पुलापलीकडे मिरकरवाड्यात बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागा राखायलाही तेच. त्यांच्यासाठी कुणी चार बाकडी टाकून डाळभात द्यायला लागलं, की आपल्या ग्रुपवर लगेच ‘बाहेरचे हटवा’.

काल तिथे जेवलो. डाळ आपल्या आमटीपेक्षा पातळ, लोणचं झणझणीत. भात मात्र नको म्हटलं तरी वाढतात.